मुक्काम पोस्ट : चाकांवर

२ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. कारखान्याची जागा त्यानंतर नक्की झाली : दुर्ग जिल्ह्यातली भिलाई. त्याच वर्षी ६ एप्रिलला पंतप्रधान नेहरू चितोडला गेले. तिथे गाडिया लोहार आपल्या बैलगाड्यांसह मोठ्या संख्येने जमले होते. १५६८ मध्ये अकबराने चितोड घेतला तेव्हा गड सोडताना आपल्या पूर्वजांनी शपथ घेतली, असे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. गड परत मिळेपर्यंत गडावर पाऊल ठेवायचे नाही, घर बांधून राहायचे नाही, खाटेवर निजायचे नाही, दिवा लावायचा नाही, पाणी शेंदायला दोर बाळगायचा नाही. नेहरूंनी त्यांना समारंभाने गडावर नेले. शपथ फिटली, आता घरे बांधून एका जागी राहा, असे त्यांना सांगण्यात आले.

दोन महिन्यांच्या अंतराने लोखंडाबद्दलचे हे दोन निर्णय झाले. पहिल्यात वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना देशाला मिळायचा होता. दुसऱ्यात रस्त्याकडेला भाता मांडून विळे-कुऱ्हाडी घडवणाऱ्यांना गाडीतून खाली उतरवायचे होते. पहिला कसा पार पडला हे ४ फेब्रुवारी १९५९ ला दिसले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. दुसरा निर्णय अजून अर्धवटच आहे. लोहारांसाठी वसाहती झाल्या, जमिनी वाटल्या गेल्या, आणि बरेचजण पुन्हा गाडीत बसून चालू लागले. ऐरण एका जागी ठेवली तर एका गावाला वर्षाला विळे लागतात तरी किती? हे गणित सरकारी फायलीत कुणी मांडले नसावे.

हे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. पिकअपच्या हौद्यावर खोली बसवून, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि टपावर सौर पत्रा लावून देश फिरणारी माणसे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. पुण्या-मुंबईचे तरुण जोडपे नोकरी सोडते, गाडीत राहू लागते आणि त्याच्यावर कौतुकाने लेख येतात. त्यांच्याबद्दल असूया नाही. उलट, स्वतःच्या पैशाने, कुणाला त्रास न देता जगण्याची एक रीत ते आजमावून पाहत आहेत. फक्त या रीतीला जेव्हा 'नवी जीवनशैली' म्हटले जाते, तेव्हा भिलाईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला जरा हसू येते. ज्या रस्त्यावर भिलाई वसली आहे, त्या रस्त्यावर माणसे गाडीतच राहत आली आहेत, आणि त्यांच्यावर कौतुकाचे लेख आल्याचे ऐकिवात नाही.

भिलाईचे लोखंडसुद्धा गाडीत राहणाऱ्यांनीच शोधले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये दल्ली-राजहराच्या डोंगरांतल्या लोहखनिजाची नोंद केली होती, पण ती सरकारी अहवालात पडून राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमशेटजी टाटांच्या मनात पोलाद कारखान्याचा विचार घोळत होता आणि त्यांची नजर आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्यावर होती. त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांद्याच्या जंगलात बैलगाड्यांतून महिने काढले. राहणे, खाणे, नमुने साठवणे, सगळे गाडीत आणि गाडीजवळ. पाण्याची अशी टंचाई की कधी कधी चहासाठी सोडावॉटर वापरावे लागे. चांद्याचे खनिज विखुरलेले निघाले, बेत फसला. निराश दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्याला भेटायला गेले, अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्हा लोखंडाच्या गडद रंगाने भरलेला होता. मग पुन्हा बैलगाड्या जुंपल्या. दल्ली-राजहराला पोहोचल्यावर पायाखालचा डोंगरच लोखंडाचा आहे, हे त्यांना कळले. जवळ योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नसल्यामुळे टाटा पुढे मयूरभंजकडे वळले, साकचीला गेले. दुर्गचे लोखंड आणखी अर्धे शतक तसेच पडून राहिले आणि मग भिलाईच्या भट्टीत गेले.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवायला हवी. १९५५ मध्ये भिलाईची जागा ठरली तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी कारखाना छत्तीसगडात यावा म्हणून नेट लावला तो नागपुरात बसून. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, भिलाई भोपाळकडे गेली, आणि आपण एकमेकांना परके झालो. त्याआधीची दोन शतके तशी नव्हती. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर चालून गेले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा करेपर्यंत या मुलखाचा हिशेब मोडीत लिहिला जात होता.

त्या काळात छत्तीसगड जगाशी जोडलेले होते ते बंजाऱ्यांच्या तांड्याने. भाताचे कोठार समुद्रापासून दूर, मीठ मिळेना. समुद्रकाठाहून मीठ यायचे, परतीला धान्य जायचे, आणि हा सगळा व्यवहार बैलाच्या पाठीवर. तांडा म्हणजे चालते गाव. गोणी, पोरेबाळे, म्हातारे, कुत्री, देव, सगळे बरोबर. मराठ्यांच्या आणि मोगलांच्या फौजांना रसद हेच पुरवत. नाईक सांगेल तिथे मुक्काम, पावसाळ्यात चराई असेल तिथे लांब तळ. गावाला त्यांची भीती वाटे हे खरे, पण गरजही तेवढीच होती. गरज असेपर्यंत भीती कह्यात राहते.

ही गरज संपवली रेल्वेने. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावपर्यंत लोहमार्ग आला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद करून पुढे कलकत्त्याच्या दिशेने नेला. एका मालगाडीत तांड्यांची अख्खी रांग मावू लागली. आणि गरज संपता संपता कायदा आला, किंवा कायदा आधीच येऊन बसला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांच्या पूर्ण जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय सरकारला करून दिली. पोलिसांत नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायची बंदी, आणि पुढे सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातले सेटलमेंट. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण लगेच राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे करून त्याची उणीव भरून काढली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आपण वाचले, पुरस्कार दिले, अभ्यासक्रमांना लावले. गावाबाहेर पाल पडले की पोलीस पाटलाला निरोप धाडायची सवय मात्र बऱ्याच गावांची गेली नाही.

इथे थोडे बाहेर पाहिले तर आपला प्रश्न अधिक नीट दिसतो. इंग्लंडात १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टराने जिप्सींच्या घोडागाडीच्या धर्तीवर एक ऐसपैस गाडी बांधून घेतली आणि तीत राहून स्कॉटलंडपर्यंत भटकंती केली. दोन घोडे, एक कोचमन, आणि रस्ता मोकळा आहे का हे पाहायला तीनचाकी सायकलवर पुढे धावणारा नोकर. हौशी कॅराव्हॅनचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. नेमक्या त्याच दशकात इंग्लंडच्या संसदेत फिरत्या निवाऱ्यांवर नियंत्रण आणणारी विधेयके पुन्हा पुन्हा मांडली जात होती. जिप्सींच्या गाड्यांची नोंदणी करा, त्यांत शिरून तपासणी करायचा अधिकार द्या, मुलांना शाळेत घाला, असा त्यांचा रोख. गाडी तीच होती. आत डॉक्टर असेल तर ती सहल ठरे, जिप्सी असेल तर उपद्रव. ज्या सरकारने भारतात १८७१ चा कायदा केला, त्याच्याच मायदेशात हे चालले होते, तेव्हा नवल वाटू नये.

अमेरिकेतही हीच कथा. १९३० च्या दशकातल्या मंदीत आणि धुळीच्या वादळांत ओक्लाहोमाकडची शेतकरी कुटुंबे मोडक्या ट्रकांवर गाद्या बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली, तेव्हा लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर पहारे बसवून त्यांना अडवले होते. त्यांच्यावर कादंबरी लिहिणारे जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये स्वतः एका पिकअपवर खोली बसवून, चार्ली नावाचा कुत्रा सोबत घेऊन, देश पाहायला निघाले. गाडीचे नाव त्यांनी डॉन किहोटेच्या घोड्यावरून 'रोसिनान्ते' ठेवले होते. पिकअप-कॅम्पर या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली त्यात त्यांच्या प्रवासवर्णनाचा मोठा वाटा आहे. ट्रकावर राहणाऱ्या निर्वासितांसाठी ज्याने लेखणी झिजवली, त्याच्याच हातून ट्रकावरचे राहणे पुढे हौसेचे झाले.

तर भिलाई. कारखाना उभा राहायचा होता तेव्हा इथे शेते होती, तळी होती, छोटी गावे होती. आंध्र, ओडिशा, बिहार, पंजाब, केरळ, विदर्भ, जिथून तिथून माणसे आली. रशियन तज्ज्ञांना बंगले मिळाले, कायम नोकरांना आखीव सेक्टरांत क्वार्टर मिळाले. माती उपसणारे, विटा वाहणारे, सळया बांधणारे मजूर मात्र तळ ठोकून राहिले. भिलाईत आजही कॅम्प-१ आणि कॅम्प-२ नावाच्या वस्त्या आहेत. दुकाने, शाळा, मंदिरे, मशिदी, तिसरी-चौथी पिढी, सगळे आहे, आणि पत्त्यात 'कॅम्प'. तंबू उठले, नाव बसून राहिले. भिलाईवर दीर्घकाळ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी नोंदवले आहे की सुरुवातीला आसपासचे छत्तीसगडी शेतकरी कारखान्यात यायलाच बिचकत होते. भट्टीला नरबळी लागतो, अशी अफवा होती. म्हणजे स्थिर माणसे घरात थांबली आणि पोलादनगरी उभी केली ती हिंडून आलेल्यांनी.

पुढे कायम आणि कंत्राटी ही भिंत उभी राहिली, ती सेक्टर आणि कॅम्प यांच्यामधल्या रस्त्याहून जास्त रुंद ठरली. दल्ली-राजहराच्या कंत्राटी खाणकामगारांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ ला याच भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे इतकेच नोंदवायचे की या शहरात कायम पत्ता असणे ही कमाईची बाब होती आणि अजून आहे.

पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन सांगणाऱ्या तीजनबाईंचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. जन्म भिलाईजवळच्या गनियारीचा, समाज पारधी. हा समाज महाराष्ट्रात कुठल्या नजरेने पाहिला जातो हे सांगायला नको. आजोबांकडून पंडवानी शिकल्या, बाईने उभे राहून कापालिक शैलीत गायचे म्हटल्यावर घरातून आणि समाजातून बाहेर पडावे लागले, झोपडी बांधून एकट्या राहिल्या, तंबुरा सोडला नाही. गावोगाव गात हिंडणाऱ्या या बाईला पुढे भिलाई पोलाद कारखान्याने नोकरी दिली. २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. कारखान्याने त्यांच्याकडून लोखंड काढून घेतले नाही, गाऊ दिले. फिरत्या माणसाला फिरण्याच्या कामासाठीच कायम पगार आणि कायम पत्ता द्यायचा, हा मार्ग सरकारी आस्थापनेलाही सुचू शकतो, याचा पुरावा भिलाईतच आहे. एका व्यक्तीपुरता, हे खरे.

आता रस्त्यावर येऊ. नागपूरहून भंडारा, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर आणि पुढे संबलपूरकडे जाणारा हा ग्रेट ईस्टर्न रोड. भिलाईकर अजून त्याला जी. ई. रोडच म्हणतात. आधी तो राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. या रस्त्याकडेला पोलादाच्या गुंडाळ्या, पत्रे आणि सळया भरायला आलेले ट्रेलर रांगेने उभे असतात. नंबर लागेपर्यंत एक दिवस जातो, कधी दोन, कधी जास्त. तोवर चालक आणि क्लीनर यांचे घर म्हणजे कॅबिन. सीटच्या मागे निजायची फळी, तिच्यावर कळकट गादी. पुढच्या काचेपाशी देव आणि लिंबू-मिरची. दाराशी दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. खाली दोन चाकांच्या मध्ये सावली बघून मांडलेला छोटा गॅस, त्यावर भगोण्यात वरण आणि कांदा चिरणारा पोरगा. शेजारी वीस लिटरचा कॅन, आणि तो भरायचा कुठून हा रोजचा प्रश्न. मे महिन्यात या भागात पारा पंचेचाळिशीकडे जातो. इंजिनच्या पाठीवर बसवलेल्या त्या लोखंडी डब्यात दुपारी निजून पाहिल्याशिवाय कुणी चालकांच्या डुलकीवर भाषण करू नये.

टाटांचे मर्सिडीज-बेंझबरोबरचे ट्रक १९५४ पासून या देशात धावू लागले. म्हणजे भिलाई आणि आपला ट्रक हे जवळजवळ समवयस्क. त्या ट्रकाच्या कॅबिनमध्ये माणूस राहतो ही गोष्ट नियमांच्या लक्षात यायला मात्र सत्तर वर्षे लागली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू वाहनांच्या कॅबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. चांगलेच झाले. जुनी वाहने अर्थातच तशीच धावत राहणार. तेल कंपन्यांनी काही महामार्गांवरच्या पंपांवर 'अपना घर' नावाने चालकांसाठी खाटा, न्हाणीघरे आणि स्वयंपाकाची जागा सुरू केली आहे, तेही स्वागतार्ह. पण ही सोय ट्रकचालकांपुरती. त्याच पंपाच्या भिंतीला टेकून पाल ठोकणाऱ्या लोहाराला तिथे कोण उभे करणार?

आणि मग पिकअप. टाटांची एस, म्हणजे छोटा हाथी, २००५ मध्ये आली. महिंद्रांची बोलेरो पिकअप खेड्यापाड्यांत शिरली. या दोन गाड्यांनी गेल्या वीस वर्षांत मध्य भारताचा भटका संसार बैलांच्या पाठीवरून इंजिनावर आणला. काही लोहार कुटुंबांनी बैल विकून जुनी पिकअप घेतली. हौद्यात ऐरण, भाता, गोधड्या, कोंबड्यांचा झाप आणि सगळ्यांत वर पाय आभाळाकडे करून बांधलेली खाट. शपथ १९५५ ला फिटली, खाट उलटी ठेवायची सवय काहींची सुटलेली नाही. मुक्कामाला कुऱ्हाड घडते ती बहुधा मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून, कारण ते पोलाद पाणी चांगले धरते. पुरुष सांडशीने तापला पाटा धरून बसतो आणि घण घालते ती बाई. आपल्याकडच्या घिसाड्यांतही हेच. जी. ई. रोडवर एका बाजूला कारखान्याची भट्टी आणि दुसऱ्या बाजूला हा कोळशाचा खड्डा, हे दृश्य पाहिले की १९५५ चे ते दोन निर्णय एकमेकांसमोर उभे राहिल्यासारखे वाटतात.

पिकअप इतरांचीही झाली. धुमालवाले आपले ढोल आणि कर्णे तिच्यावर चढवून दुर्ग-भिलाईपासून नागपूरपर्यंत मिरवणुका गाजवतात. विदर्भात आणि छत्तीसगडात मेंढ्या-उंट घेऊन येणारे कच्छकडचे रबारी अजून उंटाच्या पाठीवर खाट, पोरे आणि करडे बांधून चालतात, पण सामान पुढे पोहोचवायला गाडी भाड्याने घेतात. आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कोयता मंडळी उचल घेऊन निघतात ती ट्रक-ट्रॅक्टरवर किंवा टायर गाडीत, आणि सहा महिने कोपीत राहतात. त्यांच्या पोरांच्या शाळेचा प्रश्न साखरशाळांच्या घोषणांनी सुटला नाही.

या गाड्यांत माणसे बसवणे बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. २० मे २०२४ रोजी कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत कोसळली. १९ जण गेले, त्यांत बहुतेक सगळ्या बाया. हा जिल्हा दुर्ग विभागातलाच. अपघातानंतर मालवाहू गाडीत माणसे भरू नका, असे आदेश निघाले. जंगलातून परत यायला दुसरे काय मिळते, याचे उत्तर आदेशात नसते.

मे २०२० मध्ये हाच नियम सगळ्यांनी मिळून मोडला होता. टाळेबंदीत महाराष्ट्रातून निघालेले मजूर राजनांदगावजवळच्या बागनदी नाक्यावर आणि रायपूरच्या टाटीबंध चौकात हजारोंनी जमत. ट्रक, टेम्पो, पिकअप, जे सापडेल त्याच्या हौद्यात ताडपत्रीखाली कुटुंबेच्या कुटुंबे. तेव्हा पोलिसांनीच कित्येक ट्रक थांबवून माणसे चढवून दिली. त्या काही आठवड्यांत हा रस्ता म्हणजे चाकांवरच्या घरांची एक सलग वस्ती झाला होता. वस्ती ओसरली आणि आपण ती विसरलो.

याउलट हौसेच्या फिरत्या घराकडे सरकार किती ममतेने पाहते ते बघा. वाहनांच्या सरकारी वर्गवारीत कॅम्पर व्हॅनला स्वतंत्र जागा आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. कॅराव्हॅन पार्क उभारणाऱ्याला करांत आणि शुल्कांत सवलती, आणि पार्कमध्ये पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह असावे अशी अपेक्षा. केरळनेही त्याच वर्षी आपले कॅराव्हॅन धोरण जाहीर केले. धोरण वाईट नाही. किंबहुना गाडीत राहणाऱ्या माणसाला काय काय लागते याची भारतीय सरकारने केलेली ही बहुधा सगळ्यांत नेटकी यादी आहे. सपाट जागा, नळ, संडास, दिवा, कचऱ्याची सोय आणि रात्री कुणी उठवणार नाही याची हमी. लोहाराची मागणी याहून एका शब्दानेही जास्त नाही.

हौशी माणसाचेही सगळे सुरळीत चालले आहे असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पिकअपवर स्वतः खोली बसवली की मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगता बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. नोंदणी करायची तर ४० व्या कलमानुसार मालकाचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण हवे. म्हणजे गाडीत राहायचे असेल तर आधी गाडीबाहेर घर हवे! दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर तिथली नोंदणी घ्या. पुण्याच्या जोडप्याला ही अडचण आईवडिलांचा पत्ता देऊन सोडवता येते. लोहाराचे आईवडीलही त्याच गाडीत असतात.

पत्त्याचे हे कोडे मतदानातही आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार हा त्या मतदारसंघाचा 'सामान्य रहिवासी' असावा लागतो. जनगणनेत तर गाडीतल्या माणसाला घरच नसते. २०११ च्या मोजणीत बेघर कुटुंबांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली आणि देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे भरली. ज्याचे घर चालते त्याला घर नाही, असे कागद म्हणतो. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दशकभराने हे सगळे सरकारला तपशिलाने सांगितले. दोन्ही आयोगांचे प्रमुख मराठी होते याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, शिफारशींचे काय झाले हे विचारायची तयारी असेल तर.

चालत्या माणसामागे सोय चालवता येते, हे मात्र आता सिद्ध झाले आहे. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पर्यंत छत्तीसगडसह सगळी राज्ये तीत आली. दुर्गचे कार्ड नागपुरात चालते. त्याआधीची सत्तर वर्षे हे अशक्य आहे असे अधिकारी सांगत होते. अशक्य नव्हते, कुणी केले नव्हते. रेशन चालू शकते तर शाळेचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि मतदारयादीतले नावही चालू शकते. २०२७ च्या जनगणनेत गाडीत राहणाऱ्यांसाठी स्वतंत्र रकाना असावा, आणि त्याला 'बेघर' म्हणू नये.

भटक्यांना स्थिर करणे म्हणजेच त्यांचे कल्याण, ही १९५५ ची समजूत होती. ती सद्भावनेची होती, पण अर्ध्याच लोकांना लागू पडणारी. ज्यांना घर हवे त्यांना ते मिळालेच पाहिजे, यात वाद नाही, आणि त्यांची संख्या मोठी आहे. पण ज्यांचा धंदाच हिंडण्याचा आहे, मग तो लोहार असो, ट्रेलरचा चालक असो, धुमालवाला असो की सौर पत्रा लावून फिरणारा हौशी प्रवासी, त्यांना थांबायला चांगली जागा हवी. चौघांची गरज एक आहे आणि सध्या आपण तिची चार खाती केली आहेत. पर्यटन खाते एकाला बोलावते, पेट्रोलियम खाते दुसऱ्याला खाट देते, तिसऱ्याला पोलीस हटकतात, चौथ्याचे समाजकल्याण खात्यात अर्ज पडून असतात.

नागपूर ते रायपूर हा जी. ई. रोडचा पट्टा यासाठी पहिला प्रयोग म्हणून घ्यावा. भंडारा, राजनांदगाव, भिलाई अशा तीन-चार ठिकाणी महामार्गालगतच्या सरकारी जागेवर थांबे करावेत. नळ, संडास, सावली, दिवा, आठवड्यातून एकदा येणारा दवाखाना. ट्रेलर, कॅम्पर, पिकअप, बैलगाडी, ज्याला चाक आहे त्याला प्रवेश. परवडेल त्याच्याकडून भाडे घ्या, परवडत नाही त्याच्याकडून घेऊ नका. कॅराव्हॅन पार्कच्या नियमावलीत त्यासाठी एकच ओळ वाढवावी लागेल : इथे थांबणाऱ्याला त्याची गाडी कशासाठी फिरते, हे विचारले जाणार नाही. ही ओळ महाराष्ट्राने आधी घालावी. नागपूरचा कित्ता गिरवण्याची छत्तीसगडला जुनी सवय आहे.